मडकी आधी उतरवा, औषधाचं मग बघू

पत्र:

'आमच्याकडे दोन वर्षांपासून लव्हबर्ड आहेत. मुलगा बारावीत असताना हट्टाने दोन जोड्या घेऊन आला. तो आता पुण्याला इंजिनिअरिंगला आहे आणि पक्षी माझ्या गळ्यात. चाराचे १७ झालेत. गॅलरीत तीन फूट लांब, दोन फूट रुंद, तीन फूट उंच पिंजरा आहे, त्यात सहा मडकी बांधली आहेत. पहिलं वर्ष छान गेलं. यंदा काहीच धड नाही. दिवाळीत जन्मलेली एक पिवळी मादी एप्रिलमध्ये अंडं अडकून मेली. मागच्या खेपेची तीन पिल्लं मडक्यातून बाहेर आली ती शेपटीची आणि पंखांची मोठी पिसं नसलेली. खालच्या जाळीवर सरपटतात. दुसऱ्या मडक्यात दोन पिल्लं डोक्याला चोची मारून मारलेली सापडली. एक निळा नर दिवसभर खातो, पण हातात घेतला तर नुसतं हाड लागतं. दुकानदाराने पिवळी पावडर दिली, पाकिटावर टेट्रासायक्लिन लिहिलंय. पाच दिवस पाण्यातून दिली, फरक नाही. तो म्हणतो, मडकी वाढवा म्हणजे भांडणं थांबतील, आणि नवी जोडी आणा म्हणजे नवं रक्त येईल. मुलगा म्हणतो, पिल्लं विकून दाण्याचा खर्च तरी निघेल. कोणतं औषध द्यावं? नवी जोडी आणावी का? सासूबाईंना महिनाभर कोरडा खोकला आहे, त्यांची खोली गॅलरीला लागूनच आहे. त्याचा याच्याशी काही संबंध नसेल ना?'
– एक वाचक, कराड

उत्तर:

ताई, स.न.वि.वि.

तुम्ही जी ओळ सगळ्यात शेवटी लिहिलीत, तिथूनच सुरुवात करतो. संबंध असू शकतो. असेलच असं नाही. त्या वयात महिनाभराच्या खोकल्याला दहा कारणं असतात. पण पोपटाच्या कुळातल्या पक्ष्यांच्या वाळलेल्या विष्ठेतून आणि पिसांच्या धुळीतून क्लॅमिडिया सिटासी नावाचा जिवाणू माणसाच्या श्वासात जातो. त्याने ताप, डोकेदुखी, अंगदुखी, कोरडा खोकला असं होतं आणि प्रकरण कधीकधी न्यूमोनियापर्यंत जातं. या आजाराला सिटॅकोसिस म्हणतात. त्यावर डॉक्सिसायक्लिनसारखी साधी औषधं आहेत आणि वेळेवर दिली तर माणूस बरा होतो. पण घरात पक्षी आहेत हे कुणी सांगितल्याशिवाय डॉक्टरांच्या मनात हा आजार येत नाही. दुसरीही एक शक्यता आहे. जिवाणू नसला तरी पिसांची बारीक धूळ महिनोन्‌महिने श्वासात गेली की काहींच्या फुप्फुसांना तिची ॲलर्जी होते, खोकला जात नाही, जिना चढताना दम लागतो. कबुतरांच्या बाबतीत हे आता बऱ्याच जणांना ठाऊक झालंय. छोट्या पक्ष्यांनीही होतं.

तेव्हा सासूबाईंना उद्याच फॅमिली डॉक्टरांकडे न्या आणि खुर्चीत बसल्या बसल्या पहिलं वाक्य हेच सांगा: घरात १७ पक्षी आहेत, त्यांतले काही आजारी आहेत, आणि आईंची खोली शेजारीच आहे. पिंजरा गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला किंवा दुसरीकडे हलवता येत असेल तर आजच हलवा. पिंजऱ्याखालचा कचरा कोरडा झाडू नका. आधी पाणी शिंपडा, ओला करून कागदात गुंडाळून उचला, आणि ते करताना तोंडाला मास्क लावा. हे तुमच्यासाठीही आहे. रोज त्या धुळीत तुम्हीच उभ्या असता.

आता पक्ष्यांकडे येऊ. आपल्याकडे दुकानात ज्यांना सर्रास लव्हबर्ड म्हणतात तेच हे, म्हणजे बजरीगर: लांब शेपटीचे, डोक्यावर बारीक आडव्या रेघा असलेले. तुम्ही विचारलंय, कोणतं औषध द्यावं. पाण्यातून द्यायचं कुठलंच नको. तुमच्या पत्रात चार निरनिराळ्या तक्रारी आहेत आणि त्यांतली एकही त्या पिवळ्या पावडरीने बरी होणारी नाही. ३५ ग्रॅमचा पक्षी दिवसाला जेमतेम दोन-चार मिलिलिटर पाणी पितो, आजारी असला की तेवढंही नाही. त्यात पाणी कडवट लागलं की तोंड फिरवतो. औषध पोटात किती गेलं याचा काही हिशेब राहत नाही. शिवाय टेट्रासायक्लिन कॅल्शियमला चिकटून बसतं. तुम्ही पिंजऱ्यात कॅल्शियमसाठी जे काही टांगलं असेल, त्याचा आणि औषधाचा, दोन्हींचा उपयोग कमी होतो. तुम्ही म्हणाल, वर सांगितलेला आजार असला तर हे त्याच गटातलं औषध नाही का? गट तोच. पण पक्ष्यांमधल्या सिटॅकोसिसचा उपचार डॉक्सिसायक्लिनने साधारण ४५ दिवस चालतो, वजनावर मोजून. पाच दिवसांच्या पावडरीने जिवाणू मरत नाही, नुसता दबतो आणि तपासणीत सापडेनासा होतो. पावडर आजपासून बंद करा. पाकीट मात्र टाकू नका.

मग करायचं काय? मडकी उतरवायची. सहाच्या सहा. तुमच्या चारही तक्रारींच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: त्या पिंजऱ्यात वीण कधी थांबतच नाही.

हा पक्षी मुळात ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मध्यभागातला. तिथे पावसाचा भरवसा नसतो. पाऊस पडला, गवताला दाणा धरला की थव्याच्या थवे झाडांच्या ढोल्या गाठतात आणि भराभर पिल्लं काढतात. गवत वाळलं की वीण बंद, थवा पुढच्या पाण्याच्या शोधात. १८४० मध्ये जॉन गूल्ड यांनी जिवंत बजरीगर इंग्लंडला नेले आणि तेव्हापासून हा पक्षी पिंजऱ्यात वाढतोय, पण अंगातली घडी तीच आहे: दाणा भरपूर, ढोली रिकामी, म्हणजे अंडी घालायची वेळ. त्यात आणखी एक गंमत आहे. १९६० च्या दशकात बार्बरा ब्रॉकवे या संशोधिकेने दाखवून दिलं, की नराचं ते मंद, सलग गुणगुणणं नुसतं कानावर पडत राहिलं तरी मादीच्या पोटात अंडी तयार व्हायला चालना मिळते. तुमच्या गॅलरीत काय आहे बघा. कांगणीची, म्हणजे राळ्याच्या दाण्यांची, वाटी बारा महिने भरलेली, सहा अंधाऱ्या ढोल्या हाताशी, आणि सात-आठ नर सकाळपासून गातायत. मादीने थांबावं तरी कशासाठी? रानात जो दुष्काळ तिला विश्रांती देतो, तो इथे तुम्हालाच पाडावा लागतो, आणि मडकी काढणं हा त्याचा सोपा मार्ग.

पिवळ्या मादीचं उदाहरण घ्या. दिवाळीचा जन्म आणि एप्रिलमध्ये मृत्यू, म्हणजे जेमतेम सहा महिन्यांची पोर. बजरीगरची मादी चार-सहा महिन्यांत अंडं घालू शकते, पण तिचं शरीर तयार झालेलं नसतं. वर्षाच्या आत मादीला मडकं दाखवूच नये. अंडं असतं दोनेक ग्रॅमचं. एक दिवसाआड एक अशी पाच अंडी घातली, तर दहा दिवसांत दहा ग्रॅम, स्वतःच्या वजनाच्या पावहिश्शाहून जास्त, तिने अंगातून काढून दिलं. कवचाचं कॅल्शियम खाण्यातून मिळालं नाही की ते हाडांतून निघतं. तेही संपलं की कवच मऊ पडतं, गर्भाशयाच्या स्नायूंना आकुंचन पावायला जोर उरत नाही, आणि अंडं अडतं. त्यात एप्रिलचा उन्हाळा.

हे पुन्हा घडलं तर ओळखायचं कसं: मादी पिसं फुगवून दांडीवरून खाली उतरते, कोपऱ्यात बसते, पाय फाकवते, प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी वरखाली हलते, आणि मागचा भाग टम्म दिसतो. अशा वेळी दाबून अंडं काढायला जाऊ नका. एरंडेलाचे थेंब वगैरे सांगणारे खूप भेटतात. दाबादाबीत अंडं आत फुटलं तर मादी जातेच. तिला छोट्या खोक्यात ठेवा, फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली एका बाजूला ठेवा, म्हणजे आत ३० अंशांच्या आसपास ऊब राहील आणि नको असेल तेव्हा तिला बाजूला सरकता येईल. बल्बची ऊब द्यायची तर जुना पिवळा बल्ब लागतो, एलईडी तापत नाही. शेजारी ओलं फडकं ठेवा. आणि दोन-तीन तासांत अंडं आलं नाही तर पशुवैद्याकडे. कॅल्शियमचं इंजेक्शन हेच तिथलं खरं औषध. सकाळपर्यंत बघू, असं म्हणण्यात अशा माद्या जातात.

डोक्याला चोची लागून मेलेली पिल्लं, हेही त्याच गर्दीतून आलं. एकतर आईच पुढच्या अंड्यांच्या तयारीला लागते आणि आधीची पिल्लं अजून मडक्यातच असतात, मग ती त्यांना हुसकायला बघते. नाहीतर दुसरी एखादी मादी, जिला तेच मडकं हवं असतं, ती आत शिरते. बजरीगरच्या माद्या दिसायला गोजिरवाण्या. ढोलीसाठी एकमेकींचे जीव घेतात. तुमचा दुकानदार इथे अगदीच खोटं सांगत नाही. थव्यात वीण करायची तर जोड्यांच्या दीडपट-दुप्पट खोपी लागतात, सगळी एकाच उंचीवर, आणि जोडीदार नसलेली एकही मादी आत नको. पण त्याला खोलीएवढी जागा पाहिजे. तीन फुटी पिंजऱ्यात सातवं-आठवं मडकं बांधलंत तर पक्ष्यांना उडायची जी काही हवा उरली आहे तीही जाईल.

आता सरपटणारी तीन पिल्लं. यांतल्या एकाला उद्या सकाळच्या उजेडात हातात घ्या, पाठ तळव्यात, आणि पंख हलकेच उलगडा. दोन गोष्टी बघायच्या. पाठीवरची, मानेवरची बारीक पिसं उपटल्यासारखी दिसतायत, पण पंखांची लांब पिसं जागेवर आहेत? तर तो आईच्या चोचीचा पराक्रम, आणि पिसं दोन-तीन आठवड्यांत येतात. पण तुम्ही लिहिलंय त्यावरून गेलीत ती नेमकी पंखांची आणि शेपटीचीच, दोन्ही बाजूंना सारखी. गळून पडलेलं एखादं पीस सापडलं तर त्याची दांडी नखाजवळ धरून बघा. खालच्या टोकाला आत वाळलेलं काळपट रक्त दिसेल. असं असेल तर हा फ्रेंच मोल्ट. पक्षी पाळणाऱ्यांत या पिल्लांना 'रनर' म्हणतात, कारण ती उडत नाहीत, पळतात. हा विषाणूंचा आजार: पॉलिओमा नाहीतर सर्को, कधी दोन्ही. मोठे पक्षी ठणठणीत दिसतात आणि विष्ठेतून, पिसांच्या धुळीतून तो पसरवत राहतात. फटका बसतो मडक्यातल्या पिल्लांना.

विषाणूला प्रतिजैविक चालत नाही, आणि याच्यावर दुसरंही औषध नाही. पण त्याला जगायला दर महिन्याला नवी पिल्लं लागतात. सहा महिने एकही पिल्लू जन्मलं नाही, मधल्या काळात पिंजरा घासून-धुऊन कपडे धुवायच्या ब्लीचच्या पातळ पाण्याने पुसला (पक्षी दुसरीकडे हलवून, आणि नंतर उन्हात खडखडीत वाळवून), तर बऱ्याच ठिकाणी हा आजार आटोक्यात येतो. मडकी मात्र धुऊन पुन्हा वापरू नका. मातीचं भांडं सगळं शोषून घेतं, ते निर्जंतुक होत नाही. फोडून टाका. तिन्ही पिल्लांना बुटक्या पिंजऱ्यात वेगळं ठेवा, दांड्या जमिनीपासून दोन-तीन इंचांवर, दाणा-पाणी खालीच. काहींना पुढच्या पिसगळीत पिसं येतात, काहींना आयुष्यभर येत नाहीत. तरी ती जगतात. सर्को असेल तर मात्र अवघड आहे, ते रक्ताच्या किंवा पिसाच्या तपासणीतच कळतं.

निळ्या नराची मला जास्त काळजी वाटते. दिवसभर वाटीपाशी आणि छातीचं हाड सुरीच्या धारेसारखं वर आलेलं: बजरीगरमध्ये हे वर्णन ऐकलं की आधी मॅक्रोऱ्हॅब्डसचा संशय घ्यावा. पूर्वी याला मेगाबॅक्टेरिया म्हणत. प्रत्यक्षात ती जठरात वाढणारी एक बुरशी आहे. दाणा पोटात जातो पण पचत नाही. त्याच्या खाली पांढरा कागद पसरून ठेवा आणि तासाभराने विष्ठा बघा. निरोगी विष्ठेत मधे गडद हिरवा-तपकिरी ठिपका आणि भोवती पांढरं असतं. याच्यात सोललेले अख्खे दाणे दिसले, किंवा तो मान झटकत दाणे ओकताना दिसला, तर संशय पक्का होत जातो. ताज्या विष्ठेचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की जाणकार पशुवैद्याला ही बुरशी दिसू शकते, फार मोठी प्रयोगशाळा लागत नाही. औषध म्हणजे तोंडातून द्यायचं ॲम्फोटेरिसिन बी, काही आठवडे. दाणे ओकायला लावणारा आणखी एक परजीवी आजार बजरीगरमध्ये असतो, त्याचं औषध वेगळं, म्हणून अंदाजाने काही देऊ नका. आणि या नराला आजच बाजूला काढा. तो मादीला भरवतो, मादी पिल्लांना भरवते. बुरशीचा प्रवास त्याच वाटेने होतो.

एक छोटी खरेदी सुचवतो. स्वयंपाकघरातला एक-एक ग्रॅम दाखवणारा डिजिटल काटा आणा. झाकणाला भोकं पाडलेल्या प्लास्टिकच्या डब्यात एकेक पक्षी घालून दर रविवारी वजन करा आणि वहीत लिहा. साधारण बजरीगर ३० ते ४० ग्रॅमचा असतो. पक्षी आजार लपवतात, कारण थव्यात जो आजारी दिसतो तोच आधी ससाण्याच्या नजरेत भरतो. पिसं फुगवून बसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. काटा मात्र आठवडा-दोन आठवडे आधी सांगतो. दहावा हिस्सा वजन उतरलं की तो पक्षी वेगळा काढायचा. बाजारातल्या सगळ्या टॉनिकांपेक्षा मला हा काटा मोलाचा वाटतो.

आता प्रत्यक्ष मडकी उतरवायची कशी ते सांगतो, कारण काहींत अंडी-पिल्लं असतील. रिकामी मडकी आजच काढा. पिल्लं असलेलं मडकं पिल्लं बाहेर पडेपर्यंत राहू द्या. ती साधारण पाच आठवड्यांची झाली की बाहेर येतात, त्यानंतर आठवडाभर बाप त्यांना भरवतो. नुसती अंडी असतील तर ती काढून फेकू नका, मादी लगेच दुसरी घालायला घेईल. अंडी पाण्यात उकळा, गार करा आणि पुन्हा मडक्यात ठेवा. तिला फरक कळत नाही. तीन आठवडे बसून कंटाळली की ती आपणहून उठते. मग मडकं काढा. क्रूर वाटेल, पण या कळपात आत्ता नवं पिल्लू जन्माला घालणं जास्त क्रूर आहे.

त्यानंतर नर-माद्या वेगळ्या करा. मोठ्या नराचं नाक, म्हणजे चोचीवरचा तो मऊ मांसल भाग, निळं असतं. मादीचं तपकिरी, विणीत तर गडद आणि खरबरीत. पिल्लांत जरा पंचाईत होते: नराचं नाक एकसारखं गुलाबी-जांभळं, मादीचं फिकट निळसर, पण नाकपुड्यांभोवती पांढरी कडी. लाल डोळ्यांचे पिवळे आणि पांढरे नर मोठेपणीही गुलाबीच राहतात, त्यांना मादी समजू नका. आणि आधी निळं असलेलं एखाद्या म्हाताऱ्या नराचं नाक तपकिरी होऊ लागलं तर ते बहुधा आतल्या गाठीचं लक्षण, पशुवैद्याला दाखवा. दुसरा पिंजरा घ्यावा लागेल. उंच घेऊ नका, लांब घ्या, हे पक्षी आडवे उडतात. तुमच्या आत्ताच्या पिंजऱ्यात सहा-आठ पक्षी ठीक, १७ नाहीत. संध्याकाळी सहा-सातला कापड टाका, बारा तास अंधार मिळू द्या. अंड्याचा बलक, भिजवलेले दाणे असं पौष्टिक खाणं सध्या कमी करा, तेही विणीला चिथावतं.

खाण्याबद्दल मात्र नुसती कांगणी पुरे नाही, एवढं सांगून ठेवतो. कांगणीबरोबर बाजरी, थोडे ओट. रोज काहीतरी हिरवं: शेवग्याचा पाला, कोथिंबीर, मेथी, किसलेलं गाजर, कोवळं कणीस. पालक अधूनमधूनच, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवतं. भाज्यांवर फवारणी असते, दोन-तीन पाण्यांतून धुवा. कॅल्शियमसाठी समुद्रफेस, म्हणजे माकूळ या समुद्री प्राण्याच्या अंगातलं पांढरं हाड, टांगा. कोकणात कुणी असेल तर किनाऱ्यावर फुकट मिळतो; चार-पाच दिवस पाणी बदलत गोड्या पाण्यात भिजवा, उकळा, उन्हात वाळवा. सकाळचं कोवळं ऊन अंगावर थेट लागू द्या, काचेतून आलेल्या उन्हाने ड जीवनसत्त्व तयार होत नाही. पिंजऱ्याचा अर्धा भाग मात्र सावलीत असावा. आणि वाटीवर रोज फुंकर मारा. बजरीगर दाणा सोलून टरफल तिथेच टाकतात, वाटी भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी असतात. पावसाळा तोंडावर आलाय, दाण्याला कुबट वास आला की सगळा टाकून द्या, निवडत बसू नका. गॅलरीला स्वयंपाकघर लागून असेल तर नॉनस्टिक तवा रिकामा तापू देऊ नका. त्या वाफेने पक्षी काही मिनिटांत मरतात. धूप, मच्छरची कॉइल, तेही त्यांच्यापासून लांब.

नवं रक्त म्हणाल तर सध्या अजिबात नको. दुकानदाराचं म्हणणं तत्त्वतः खरं आहे: चार पक्ष्यांचे १७ झाले म्हणजे भाऊ-बहिणींच्या, बाप-लेकींच्या जोड्या लागल्याच असणार, आणि पहिल्या दोन जोड्या एकाच पिंजऱ्यातून आणल्या असतील तर त्याही भावंडं असू शकतात. पण आजारी कळपात नवी जोडी सोडली तर रक्त सुधारत नाही, नवी जोडी आजारी पडते. पुढे कधी आणलीत तर किमान ३० दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, दाणा-पाणी आधी जुन्यांना, मग नव्यांना, मग हात धुवा. बदल्यात 'पहाडी पोपट देतो' असं कुणी म्हणालं तर नाही म्हणा. आपले देशी पोपट पाळणं-विकणं वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. बजरीगर परदेशी असल्याने त्यात येत नाहीत.

मुलाला सांगा, या थव्यातली पिल्लं सध्या विकायची नाहीत. घेणाऱ्याच्या घरी आपण विषाणू धाडतोय हे माहीत असताना विकणं बरं नव्हे, आणि फ्रेंच मोल्टचा कळप म्हणून नाव झालं की पुढे कुणी घेणारही नाही. जास्तीचे पक्षी 'मोकळे' करून पुण्य मिळवावं असं कुणी सुचवलं, तर तेही नको. पिंजऱ्यात जन्मलेला बजरीगर बाहेर दाणा शोधू शकत नाही, संध्याकाळपर्यंत कावळ्याच्या तोंडी जातो.

सहा महिने गेले, नवं कुणी आजारी पडलं नाही, वजनं स्थिर राहिली, तर दिवाळीनंतर थंडीच्या तोंडावर एका जोडीपासून सुरुवात करायला माझी हरकत नाही. एका पिंजऱ्यात एकच जोडी. दोघं वर्षाच्या पुढचे, एकमेकांच्या नात्यातले नाहीत अशी जेवढी खात्री करता येईल तेवढी करून. मडक्याऐवजी लाकडी पेटी, साधारण नऊ इंच लांब, सहा इंच रुंद, सहा-सात इंच उंच, दीड-दोन इंचांचं भोक, आणि वरून उघडणारं झाकण. मडक्यांत पिढ्यान्‌पिढ्या पिल्लं झाली आहेत हे मान्य. पण मडक्यात हात जात नाही आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. शिवाय गुळगुळीत बुडावर पिल्लांचे पाय दोन्हीकडे फाकतात. पेटीच्या तळाला उथळ खळगा असावा, त्यात लाकडाचा जाड भुसा.

जोडी जमल्यापासून आठ-दहा दिवसांत पहिलं अंडं, मग एक दिवसाआड, चार ते सहा. प्रत्येक अंडं साधारण १८ दिवसांनी फुटतं, म्हणून पहिलं पिल्लू आणि शेवटचं यांच्यात दहा दिवसांचंही अंतर पडतं. रोज एकदा, मादी बाहेर आली की झाकण उघडून सगळ्यात धाकट्याकडे बघा: त्याच्या गळ्याखालची पिशवी पातळ कातडीतून भरलेली, पांढुरकी दिसली पाहिजे. रिकामी असेल तर मोठी पिल्लं त्याचा वाटा खातायत. आणि चोच उघडून वरच्या चोचीच्या आतली बाजू बघा. तिथे भरवलेलं खाणं साचून कडक होतं, काढलं नाही तर चोच वाकडी वाढते. बोथट काडीने अलगद खरवडलं की निघतं. पायाच्या बोटांना विष्ठेचे गोळे चिकटले असतील तर कोमट पाण्याने भिजवून सोडवा, ओढू नका, नख निघून येतं. वर्षात दोनच खेपा. दुसऱ्या खेपेची पिल्लं खायला लागली की पेटी बाहेर, नर एका पिंजऱ्यात, मादी दुसऱ्या.

पशुवैद्याचं राहिलं. कराडमध्ये पक्ष्यांची सवय असलेले डॉक्टर आहेत का ते आधी फोनवर विचारा. गाई-म्हशींचे उत्तम डॉक्टर पक्ष्याला हात लावायला कचरतात आणि त्यांचा दोष नाही. नसतील तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला हायवेवरच आहे. तिथेही जाण्याआधी फोन करून वेळ घ्या. निळा नर आणि सरपटणाऱ्यांपैकी एक पिल्लू, दोघांना वेगवेगळ्या छोट्या पिंजऱ्यांत, वरून कापड टाकून, सकाळच्या गारव्यात न्या. त्या सकाळचा विष्ठेचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून सोबत घ्या. मधल्या काळात एखादा पक्षी दगावला तर पुरून टाकू नका: पिशवीत घालून, डब्यात बंद करून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको, आणि शवविच्छेदनासाठी २४ तासांच्या आत पोचवा. आणि ते पिवळ्या पावडरीचं पाकीट न्यायला विसरू नका, कधीपासून कधीपर्यंत दिली ते त्याच्यावर पेनाने लिहून.